साडेतीन इंचांचा तंटा

सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं की तापी ओलांडल्यावर इच्छापोर लागतं. चोऱ्यासी तालुक्यातलं हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं. हिरे आणि दागिन्यांचा पार्क इथेच आहे, आणि पुढे हजिऱ्यापर्यंत खत, वायू, वीज, पोलाद अशा बड्या कारखान्यांचा पट्टा. या प्रकरणाचा नायक मात्र त्या बड्या कारखान्यांत सापडायचा नाही. तो सापडतो सुरतेच्या कापडधंद्यात, जिथे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी लाइनच्या गाडीने आलेली खानदेशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत. एम्ब्रॉयडरीच्या एखाद्या जुन्या जपानी यंत्रासमोर उभं राहा. एका ओळीत डझनभर हेड, प्रत्येक हेडला अनेक सुया, खाली ताणलेली साडी, आणि बाजूच्या पॅनेलवर साडेतीन इंची फ्लॉपीची फट.

ही फट पाहून नव्या मुलांना गंमत वाटते. पण घरच्या कॉम्प्युटरमधून फ्लॉपी गेली तरी कारखान्यातून ती लवकर गेली नाही, याचं कारण साधं आहे. भरतकामाचं चांगलं यंत्र वीस-पंचवीस वर्षं सहज चालतं. त्याची मोटर, सुया, फ्रेम सगळं ठणठणीत असताना केवळ आत डिझाइन घालायची वाट जुनी झाली म्हणून कोणी शेठ यंत्र भंगारात काढत नाही. कॅलिफोर्नियात टॉम पर्स्की नावाचे गृहस्थ फ्लॉपी विकण्याचा धंदा करतात. 2022 मधल्या एका मुलाखतीत त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांत भरतकामाच्या यंत्रवाल्यांचा आवर्जून उल्लेख केला होता. तोपर्यंत सोनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणं थांबवून अकरा वर्षं झाली होती.

आता तंटा काय तो पाहू. नागोयाची ताजिमा आणि इचिनोमियाची बारुदान या भरतयंत्रं बनवणाऱ्या दोन नामवंत कंपन्या. दोन्ही जपानच्या एकाच आइची प्रांतातल्या. दोघींच्या यंत्रांत फ्लॉपी जाते, मापाने तीच. पण बारुदानच्या एफडीआर पद्धतीने भरलेली फ्लॉपी साध्या पीसीत घातली तर पीसी म्हणतो, ही फॉरमॅटच केलेली नाही, करू का? तिथे घाईने होकाराचं बटण दाबलं की डिझाइन गेलं. पंचिंग करणारे, म्हणजे कॉम्प्युटरवर टाके आखून डिझाइन बनवणारे लोक, म्हणूनच विल्कॉमसारखं सॉफ्टवेअर वापरत आले. ऑस्ट्रेलियातल्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरला ताजिमा, बारुदान, झेडएसके, मेल्को, टोयोटा अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या फ्लॉप्या वाचता-लिहिता याव्यात, अशी सोय मुद्दाम करावी लागली होती.

हाच तंटा 1980 च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरांच्या दुनियेत जगभर चालू होता, आणि तिथे तो जास्त उघडा दिसतो. कमोडोर 64, ॲपल टू, बीबीसी मायक्रो, अमिगा, अटारी एसटी: दुकानातून दहा-दहा फ्लॉप्यांचे दोन डबे आणून पाचही यंत्रांना वाटता आले असते (अमिगा आणि अटारीला साडेतीन इंची, बाकीच्यांना सव्वापाच इंची), पण एकदा लिहिल्यावर एकाची फ्लॉपी दुसऱ्याला परकी. चकती कोरी असेपर्यंत सगळ्यांची. बालबोध शिकलेल्या माणसापुढे मोडीतला दस्त ठेवला तर कागद तोच, शाई तीच, भाषाही मराठीच, तरी अक्षर लागत नाही; इथेही घोळ मजकुरात किंवा चकतीत नसून लिहिण्याच्या वळणात होता.

हे वळण कसं बनतं? फ्लॉपीवर शून्य आणि एक असे आकडे कुठेच लिहिलेले नसतात. असतात ते चुंबकीय दिशेचे पालट. चकती फिरते, हेडखालून एकेक पालट सरकतो, आणि दोन पालटांमध्ये किती वेळ गेला त्यावरून ड्राइव्हमागचं सर्किट आकडे ओळखतं. पीसीच्या 720 केबीच्या फ्लॉपीत हे अंतर साधारण 4, 6 किंवा 8 मायक्रोसेकंद असतं. या लिखाणाला एमएफएम म्हणतात. त्याआधीची, निम्मीच घनता देणारी पद्धत एफएम. स्टीव्ह वॉझ्नियॅकने 1978 मध्ये ॲपलसाठी डिस्क टू बनवताना तयार कंट्रोलर चिप टाळून मूठभर साध्या चिपांत काम भागवलं आणि त्यासाठी तिसरीच पद्धत घेतली. आधी एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका वर्तुळावर, 13 सेक्टर, म्हणजे तुकडे, बसत. 1980 च्या डॉस 3.3 मध्ये माहितीच्या सहा बिटांचे आठ बिट करून लिहिण्याची युक्ती आली आणि 16 सेक्टर बसू लागले. पस्तीस ट्रॅक, एकूण 140 केबी. कमोडोरने याच कुळातली पण वेगळी पद्धत घेतली. चार बिटांचे पाच. शिवाय बाहेरच्या लांब ट्रॅकवर 21 सेक्टर आणि आतल्या आखूड ट्रॅकवर 17. एकूण 170 केबी. कमोडोरच्या 1541 ड्राइव्हमध्ये स्वतःचा 6502 कुळातला प्रोसेसर आणि दोन केबी मेमरी होती. म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेला तो दुसरा कॉम्प्युटरच. दोघांनीही आपापल्या परीने हुशारीच केली होती, आणि मला वाटतं तंट्याचं मूळ तिथेच आहे. कोणीही दुष्टपणाने दार बंद केलेलं नव्हतं. प्रत्येकाने चार पैसे आणि चार केबी वाचवले, आणि त्या वाचवण्यात शेजाऱ्याशी असलेलं नातं तुटलं.

अमिगाचं उदाहरण तर हिशेब मांडून बघण्यासारखं आहे. साडेतीन इंची चकती मिनिटाला 300 फेरे घेते, म्हणजे एक फेरा 200 मिलिसेकंदांचा. सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने एका फेऱ्यात 50,000 बिट, म्हणजे 6,250 बाइट मावतात. पीसी त्यातले 4,608 वापरतो: 512 बाइटांचे नऊ सेक्टर. उरलेली जागा सेक्टरांच्या पाट्यांमध्ये आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांमध्ये जाते. मोकळी पट्टी लागते, कारण एकच सेक्टर पुन्हा लिहायचा झाला तर ड्राइव्हच्या वेगातला थोडा फरक शेजारच्या सेक्टरवर चढू नये. अमिगाने ठरवलं की आपण सेक्टर लिहायचाच नाही, नेहमी अख्खा ट्रॅक लिहायचा. मोकळ्या पट्ट्यांची गरजच संपली आणि तेवढ्याच जागेत 11 सेक्टर बसले. 80 ट्रॅक, दोन बाजू, 11 सेक्टर: 880 केबी. पीसीत त्याच चकतीवर 720. पण पीसीतली एनईसी 765 जातीची कंट्रोलर चिप सेक्टरांच्या ठरावीक पाट्या शोधते, आणि अमिगाच्या ट्रॅकवर तशा पाट्या नाहीत. लिखाण एमएफएमच, वेग तोच, तरी पीसीला तिथे काहीच दिसत नाही. उलट वाट मात्र मोकळी होती. अमिगाचं सर्किट अख्खा ट्रॅक कच्चा उचलत असल्यामुळे त्याला पीसीचं वळणही शिकवता येत होतं, आणि 1992 च्या वर्कबेंच 2.1 बरोबर क्रॉसडॉस मिळू लागल्यावर अमिगा पीसीच्या 720 केबीच्या फ्लॉप्या सरळ वाचू-लिहू लागला. म्हणून दोन यंत्रांत माहिती न्यायची असेल तर पहिला प्रश्न हा विचारावा: दोघांपैकी जास्त लवचीक कोण? फ्लॉपी लवचीकाने ताठराच्या पद्धतीने लिहायची.

त्याही आधीच्या सीपी/एम यंत्रांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती किचकट असली तरी तिचा निष्कर्ष एका ओळीचा आहे. आठ इंची फ्लॉपीत आयबीएमची 77 ट्रॅक, 26 सेक्टर, 128 बाइट ही मांडणी सगळ्यांनी मान्य केली होती. सव्वापाच इंची आल्यावर तसं काही ठरलंच नाही. ऑस्बोर्न, केप्रो आणि बाकी डझनावारी कंपन्यांनी आपापली मांडणी केली, आणि एकीची फ्लॉपी दुसरीत वाचून देणारी सॉफ्टवेअरं विकणं हा स्वतंत्र धंदा झाला.

आपल्याकडे या गोंधळाचा सरकारी अवतार 1984 मध्ये आला. शाळांत संगणक साक्षरता आणण्यासाठी केंद्राने क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सचा त्याच्या देशी उत्पादनाशी संबंध होता. यंत्र उत्तमच होतं. पण त्याची मूळ फ्लॉपी-व्यवस्था इंटेलच्या 8271 चिपवर उभी होती आणि ती चिप जुन्या एफएम पद्धतीने लिहायची: ट्रॅकवर 256 बाइटांचे दहा सेक्टर, 40 ट्रॅकच्या एका बाजूला जेमतेम 100 केबी, नावाला सात अक्षरं, आणि एका बाजूवर जास्तीत जास्त 31 फाइली. पुढची काही वर्षं सरली आणि शाळा-कार्यालयांत सगळीकडे पीसी आले. पीसीच्या पुष्कळशा कंट्रोलरांना एफएम जमतच नाही. त्यामुळे बीबीसीच्या फ्लॉपीवर कोणा मास्तरांनी लिहिलेले बेसिकचे धडे असतील तर ते शेजारच्या पीसीला परकेच.

याच सव्वापाच इंची दुनियेत एक सापळा होता, आणि त्यात जाणकारही अडकत. जुने ड्राइव्ह 40 ट्रॅकचे, त्यांचं हेड रुंद. नंतरचे 80 ट्रॅकचे, त्यांचं हेड अरुंद. नव्या ड्राइव्हला एक सोडून एक ट्रॅक घ्यायला सांगितलं की तो जुनी फ्लॉपी छान वाचतो. पण त्याच जुन्या फ्लॉपीवर त्याने काही लिहिलं, तर अरुंद हेडचं ताजं लिखाण रुंद पट्ट्याच्या मधोमध बसतं आणि कडेला जुनं तसंच उरतं. ती फ्लॉपी परत जुन्या यंत्रात घातली की रुंद हेडला नवं-जुनं दोन्ही एकदम ऐकू येतं. लिहिणाऱ्या यंत्रावर तपासलं तर सगळं बरोबर. नेमकं जिथे हवं तिथे बिघडलेलं. उपाय एकच: अशी फ्लॉपी आधी पूर्ण चुंबकमुक्त करावी, किंवा कधीच न वापरलेली कोरी घ्यावी.

दुसरी युक्ती छिद्राची. साडेतीन इंची 1.44 एमबीच्या फ्लॉपीला एका कोपऱ्यात जास्तीचं छिद्र असतं, त्यावरून ड्राइव्ह तिची जात ओळखतो. 720 केबीच्या फ्लॉप्या बाजारातून संपल्यावर लोकांनी त्या छिद्रावर चिकटपट्टी लावून 1.44 वाली 720 म्हणून चालवली. साडेतीन इंचीत हे बहुधा खपून जातं, कारण दोन्ही लेपांचा चुंबकीय ताठपणा जवळपासचा आहे. सव्वापाच इंचीत मात्र हा फरक साधारण दुपटीचा, तिथे ही युक्ती लावू नये. आज लिहिलेलं उद्या वाचता येईलच असं नाही.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. दोन न जुळणाऱ्या यंत्रांमध्ये फ्लॉपीने माहिती न्यायची असेल तर पुष्कळदा फ्लॉपीचा नाद सोडलेला बरा. दोन्ही यंत्रं चालू असतील तर त्यांच्यात तार टाका. जवळजवळ प्रत्येक घरगुती कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट असे किंवा जोडता येई. 9,600 बॉडला सेकंदाला 960 बाइट जातात. ॲपल टूची अख्खी फ्लॉपी अडीच मिनिटांत पलीकडे. 300 बॉडच्या काळात यालाच तास-दीड तास लागला असता, तरी पोचली असती. तारेवर सांडलवंड होते, त्यावर तोड वॉर्ड ख्रिस्तेन्सनने 1977 मध्ये काढली होती: एक्समोडेम पाठवताना 128 बाइटांचे तुकडे करतो, प्रत्येकामागे बेरीज जोडतो, आणि बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा परत मागवतो. कोलंबिया विद्यापीठाने 1981 मध्ये केर्मिट आणलं (नाव मपेट शोमधल्या बेडकाचं), तेही याच कामासाठी. ॲपल टूवाल्यांनी तर कॅसेट रेकॉर्डरच्या भोकातून आवाजाच्या रूपात फ्लॉप्या पाठवायचीही सोय केली. तारेचा मोठा गुण असा की फ्लॉपी वाचण्याचं काम तिच्याच मूळ ड्राइव्हकडे राहतं. पलीकडच्या यंत्राला चुंबकीय वळण शिकावंच लागत नाही.

समजा, बाइट सुखरूप पोचले. तंटा संपला का? इथे पुन्हा सुरतेला परत यायला हवं, कारण भरतकामाच्या फाइलीइतका सुबक दाखला मला दुसरा माहीत नाही. ताजिमाची डीएसटी फाइल आज या धंद्यातली जवळजवळ सामाईक फाइल आहे. सुरुवातीचे 512 बाइट पाटीचे: डिझाइनचं नाव, टाक्यांची संख्या, रंगबदल, चारी दिशांचा पसारा. पुढे प्रत्येक टाक्याला तीन बाइट. त्यात सुई मागच्या जागेपासून किती सरकली ते असतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. आणि ते सरळ आकड्यात लिहिलेलं नसतं. 81, 27, 9, 3, 1 अशी पाच वजनं. प्रत्येक वजन मिळवायचं, वजा करायचं किंवा सोडायचं. साडेतीन मिलिमीटर, म्हणजे 35 एकक, सरकायचं असेल तर 27 अधिक 9 वजा 1. पाचही वजनं एका बाजूला टाकली की 121, म्हणून डीएसटीत एक टाका 12.1 मिलिमीटरहून लांब असूच शकत नाही. त्याहून लांब जायचं तर सुई न टोचता उडी मारावी लागते. आठ छिद्रांच्या कागदी पट्टीवर डिझाइन येई त्या काळापासूनचा हा हिशेब फ्लॉपीत आला आणि आज पेनड्राइव्हमध्येही तसाच आहे. बारुदानच्या डीएसबी फाइलीतही टाक्याला तीनच बाइट. पण तिथे एक बाइट हुकमाचा, एक उभ्या सरकण्याचा, एक आडव्या. तीन बाइट तिकडेही, तीन बाइट इकडेही. नुसती फाइल उचलून नाव बदललं तर कापडावर काय उमटेल ते सांगायला नको.

डीएसटीत रंग नसतात. रंग बदला, इतकाच हुकूम असतो. कोणता धागा घालायचा ते नाही. म्हणून डिझाइनबरोबर रंगांची यादी कागदावर जायची. फ्लॉपी जपून ठेवली आणि कागद हरवला, तर मोर पुरता येतो, पण तो कोणत्या रंगाचा होता ते कोणाला सांगता येत नाही. मराठी छापखान्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. नव्वदीतल्या डीटीपीच्या फ्लॉपीवरून फाइल अक्षरशः बिनचूक उतरवली तरी ती उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर लिहिण्याचं इस्की हे प्रमाण 1991 मध्येच ठरलेलं होतं, पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड त्यावर चालतही होतं. पण श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टांच्या आपापल्या खुणा होत्या आणि छपाईचा मोठा भाग त्यावर झाला. तो फॉन्ट किंवा त्याचा रूपांतरक हाताशी नसेल तर बाइट मिळूनही पुस्तक मिळत नाही.

कारखान्यांनी शेवटी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो, कारण त्यात फ्लॉपी वाचायचा खटाटोपच नाही. यंत्रातला फ्लॉपी ड्राइव्ह काढायचा आणि त्याच मापाची, त्याच 34 पिनांच्या केबलवर बसणारी एक पेटी लावायची. तिला समोरून पेनड्राइव्ह लागतो, दोन बटणं आणि आकड्यांची छोटी पट्टी असते. यंत्राला वाटतं की आपण फ्लॉपीच वाचतो आहोत. चिनी बनावटीची गोटेक ही यातली सर्वांत पसरलेली पेटी. तिचं मूळ सॉफ्टवेअर पेनड्राइव्हचे शंभर कप्पे करतं, प्रत्येक कप्पा म्हणजे एक फ्लॉपी. बटण दाबून चौतीस नंबर लावा, चौतिसावी फ्लॉपी घातल्यासारखं. वीस हजार टाक्यांचं डीएसटी डिझाइन साठेक केबीचं, म्हणजे 1.44 च्या एका फ्लॉपीत अशी वीस-बावीस, आणि बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये दोन हजार. मागवताना एकच पथ्य: यंत्राचा मूळ ड्राइव्ह 720 चा होता की 1.44 चा की 1.2 चा ते पाहूनच पेटी घ्यावी. पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात.

अमिगा आणि अटारी जपणाऱ्या छंदिष्टांनी ही स्वस्त पेटी कारखान्यांच्या बाजारातून उचलली आणि तिच्यात आपलं सॉफ्टवेअर भरलं. कीर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी फुकट मिळतं आणि त्याने तीच पेटी अमिगाच्या 11 सेक्टरांचंही सोंग घेऊ लागली. घरगुती कॉम्प्युटरांनी फ्लॉपी घराघरांत नेली होती. त्यांना फ्लॉपीविना जगवणारी वस्तू आली ती भरतकामाच्या यंत्रांसारख्या कारखान्यातल्या गिऱ्हाइकांसाठी बनलेली. याच फ्रेझर यांचं ग्रीझवीझल हे उलट दिशेचं काम करतं. साधा पीसीचा ड्राइव्ह जोडला की ते कंट्रोलर चिपला बाजूला ठेवून पालटांमधला वेळ जसाच्या तसा नोंदवतं. मग ती नोंद ॲपलची, कमोडोरची, बीबीसीची की कोणा यंत्राची, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये सावकाश ठरवायचं. 880 केबीच्या चकतीची ही नोंद कित्येक मेगाबाइटांची होते, पण जागेचा प्रश्न आता कोणाला आहे?

सुरत असो की कोकण, पावसाळ्यात राहिलेल्या फ्लॉपीच्या बाबतीत मी हीच वाट आधी धरायला सांगेन. झडप सरकवून चकतीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड लेप खरवडून काढतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही चरे पाडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती हलक्या हाताने पुसून, पूर्ण सुकवून, लिहिण्याची खिटी सरकवून छिद्र उघडं ठेवावं आणि पहिल्याच वाचनात कच्ची नोंद घ्यावी. दुसरं वाचन ती देईल याची खात्री नसते. ओळखीचा ड्राइव्ह असला तरी आधी एखादी बिनकामाची फ्लॉपी घालून तो चकती ओरबाडत नाही ना ते पाहावं, आणि प्रत्येक बुरशी आलेल्या फ्लॉपीनंतर हेड पुसावं. पीसीने फॉरमॅट करू का असं विचारलं, तर नाही म्हणावं.